गोजिरा (१९५४) पाहिला. राक्षस पटला नाही, पण ते शहर डोक्यातून जात नाहीये

ओलीचिंब

बरेच दिवस बघायचा बघायचा म्हणत होते तो पिक्चर शेवटी परवा शनिवारी रात्री बघितला. मूळ जपानी गोजिरा, म्हणजे आपण ज्याला गॉडझिला म्हणतो तो, १९५४ चा, इशिरो होंडाचा, काळापांढरा, ९६ मिनिटांचा. तेव्हापासून नुसता गोंधळ चाललाय डोक्यात, आवडला म्हणू की नाही आवडला म्हणू तेच ठरत नाहीये, म्हणून धागा काढतेय. सगळी गोष्ट सांगणार आहे, ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा.

आमच्या वयाच्या लोकांना गॉडझिला म्हणजे १९९८ चा हॉलीवूडवाला, न्यूयॉर्कमधे पळत सुटणारी भली मोठी घोरपड, तो शाळेत असताना हिंदीतून पाहिलेला. मग आत्ता ओटीटीवर गॉडझिला मायनस वन हा नवा जपानी पिक्चर बघितला आणि फार म्हणजे फारच आवडला, त्यावरून वाटलं की मूळ कुठून आलं ते बघायलाच पाहिजे. शेजारी आई वाती वळत बसली होती, तिला म्हटलं बस माझ्याबरोबर.

आधी न पटलेलं सांगते. पहिला अर्धा तास मला धरून ठेवता आलं नाही. बोट बुडते, मग दुसरी बुडते, ऑफिसात लोक फोनवर ओरडतात, मग ओडो नावाच्या बेटावर जातात, तिथे म्हातारा सांगतो की हा गोजिरा, पूर्वी याला शांत करायला पोरी समुद्रात सोडायचे. हे सगळं ठीकच, पण नीट कुणाची ओळखच होत नाही. डॉ. यामानेंची मुलगी एमिको, तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो ओगाता आणि शास्त्रज्ञ सेरिझावा यांचा त्रिकोण आहे त्यात एमिकोला स्वतःचं असं काय आहे तेच कळत नाही. आणि मग डोंगरामागून राक्षसाचं डोकं वर येतं आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण तो बाहुला आहे हे सरळ दिसतं. डोळे एका जागी थिजलेले, तोंड उघडमीट होतंय, बस. पुढे टोकियोत आल्यावर पूर्ण सूट दिसतो तो बरा आहे, पण त्याच्यावर सोडलेली विमानं दोरीवरची आहेत, त्यांची रॉकेटं दिवाळीतल्या बाणांसारखी कुठेही जातात, आगीचा बंब उलटतो तो खेळण्यातला बंब आहे. डॉ. यामाने एवढे मोठे जीवाश्मतज्ज्ञ, ते सरकारपुढे उभं राहून डायनोसॉर २० लाख वर्षांपूर्वी होते असं सांगतात, हे तर १९५४ मधेसुद्धा चूकच होतं. असे अनेक खडे लागत होते दाताखाली.

पण मग रात्र होते, तो दुसऱ्यांदा किनाऱ्यावर येतो आणि टोकियोतला गिंझा हा बाजाराचा भाग पेटतो. तिथून माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाहीये. सूट तोच आहे, मॉडेलं तीच आहेत, मात्र कॅमेरा मधेच खाली रस्त्यावर उतरतो आणि एका इमारतीच्या पायथ्याशी एक बाई बसलीये, पोरांना पोटाशी धरून, मागे सगळं जळतंय आणि ती त्यांना सांगतेय की आता आपण बाबांकडे जायचं, आता लगेच बाबांकडे जायचं. शॉट काही सेकंदांचा आहे. ती बाई परत दिसत नाही, तिचं पुढे काय झालं ते पिक्चर सांगत नाही. बाबा कुठे गेलेत ते सांगायची गरजच नाही, लढाई संपून ९ वर्षं झालीयेत. मी पॉज केला आणि उठून पाणी प्यायले.

त्यानंतर सकाळ. धूर, मोडलेलं शहर, आणि दवाखाना. खोल्या भरल्यात, बोळात चटयांवर माणसं, स्ट्रेचर ठेवायला जागा नाही. एक डॉक्टर एका लहान मुलासमोर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, धरतो, तो कडकड वाजायला लागतो. मुलाला कुठेही जखम नाही, ते शांत बसून त्या यंत्राकडे बघतंय. डॉक्टर एमिकोकडे बघून मान हलवतो. कुणी काही बोलत नाही. शेजारी एका मुलीच्या आईला उचलून नेतात आणि ती मुलगी ज्या आवाजात रडते तो आवाज मला अभिनय वाटलाच नाही.

आईच्या वाती कधीच थांबल्या होत्या. लोक गाठोडी डोक्यावर घेऊन, हातगाड्या ओढत निघालेत तो सीन आला तेव्हा ती म्हणाली, पानशेतच्या वेळी आम्ही असेच पर्वतीकडे निघालो होतो. १२ जुलै १९६१, ती १२ वर्षांची होती, नारायण पेठेत राहायचे. हे तिने मला याआधीही सांगितलंय, पण यावेळी आजोबांनी घरातलं काय काय उचललं आणि काय राहिलं ते सगळं एकेक करून सांगितलं, शिवणाचं मशीन राहिलं, गॅलरीतला पोपटाचा पिंजरा आठवणीने उघडून निघाले.

तर माझा प्रश्न असा आहे. ज्या राक्षसाच्या नावाने पिक्चर आहे तो मला एकदाही खरा वाटला नाही, त्याने जे केलं ते मात्र सगळं खरं वाटलं, इतकं की रात्री झोप लागेना. असं कुणाला झालंय का? आणि मग हा चांगला पिक्चर म्हणायचा का?

पोहेवाला

मी हा बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राच्या डीव्हीडीवर पाहिला होता आणि मला काहीच लक्षात राहिलं नाही, फक्त एक अमेरिकन पत्रकार सारखा खिडकीतून बघत पाइप ओढत असतो एवढं आठवतंय. तुम्ही लिहिलंय त्यातला दवाखाना वगैरे मला इतका ठळक आठवत नाहीये. वेगळा पिक्चर आहे का?

जुनाप्रोजेक्टर

पोहेवाला, तुम्ही पाहिलात तो १९५६ चा अमेरिकन अवतार. रेमंड बर नावाच्या नटाला घेऊन वेगळे सीन शूट केले आणि मूळ पिक्चरमधे घुसवले, असं करून ८० मिनिटांचा केला. अणुबॉम्बबद्दलचं बोलणं बरंचसं गेलं, शेवटी डॉ. यामाने म्हणतात ना की हा शेवटचा गोजिरा असेल असं वाटत नाही, चाचण्या चालू राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा निघेल, तेही गेलं. जगभर कित्येक वर्षं लोकांनी तोच पाहिला. अमेरिकेत मूळ जपानी पिक्चर थिएटरात नीट लागला २००४ मधे, म्हणजे ५० वर्षांनी. त्यामुळे हा पिक्चर म्हणजे पोरखेळ असं जे मत पसरलं त्याला ते कापणंही कारणीभूत आहे असं माझं ठाम मत आहे.

आता ओलीचिंब, सूटबद्दल. तुमचं म्हणणं खोडत नाही, डोळे थिजलेले आहेतच, काही क्लोजअप तर हातात घालायच्या बाहुल्यावर घेतलेत. पण ते कसं केलं ते ऐका. स्पेशल इफेक्ट्सवाले एजी त्सुबुराया, यांच्या डोक्यात किंगकाँग होता, त्यांना बाहुला एकेक फ्रेम हलवूनच करायचं होतं. पण त्याला काही वर्षं लागली असती आणि हातात होते काही महिने, म्हणून माणसाला सूटमधे घालायचं ठरलं. पहिला सूट सुमारे १०० किलोचा झाला आणि इतका कडक की आतल्या माणसाला चालताच येईना, मग तो कापून पायांच्या शॉटसाठी वापरला आणि दुसरा केला, तोही काही हलका नव्हता. आत हारुओ नाकाजिमा, आणि कधी कात्सुमी तेझुका. नाकाजिमा हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते बघायला झूमधे जाऊन बसायचा. आणि कॅमेरा जास्त वेगाने चालवायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल सावकाश होते आणि वजन आल्यासारखं वाटतं. आता कॅमेरा वेगाने चालवला की उजेड जास्त लागतो, उजेड जास्त म्हणजे दिवे जास्त, दिवे जास्त म्हणजे रबराच्या आत भट्टी. दोनचार मिनिटं झाली की त्याला बाहेर काढायला लागायचं.

मी स्वतः प्रोजेक्शनला काम केलंय, माझ्या आयुष्यातली २२ वर्षं त्या केबिनमधे गेली, आणि तुम्हाला एक सांगतो, हा पिक्चर टीव्हीवर सगळे दिवे लावून बघू नका. रात्रीच्या सीनमधला काळा रंग फार खोल आहे, सूटच्या चुका त्या काळ्यात झाकायच्या हिशोबानेच लायटिंग केलंय. उजेडात बघितलं की सगळं उघडं पडतं.

शेवटचीलोकल

मला नाही आवडला, सरळ सांगतो. मायनस वन बघून मीही मोठ्या अपेक्षेने लावला होता. तो बघताना हात घट्ट झाले होते माझे, आणि हा बघताना मी दोनदा किती राहिलाय ते पाहिलं. इतिहास म्हणून मान आहे, पण आज बघणाऱ्या माणसाला पिक्चर म्हणून धरायला पाहिजे ना. नंतर अभ्यास केल्यावर ग्रेट वाटतो असं असेल तर मग ते ग्रेट पिक्चरमधे आहे की अभ्यासात? मायनस वनला उगाच नाही व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

ओलीचिंब

शेवटचीलोकल, पहिल्या अर्ध्या तासापुरती मी तुमच्याच बाजूला आहे. पण दवाखान्याच्या सीनसाठी मला अभ्यास करावा लागला नाही हो, आणि आईला तर जपानबद्दल फार काही माहितीही नाही.

जुनाप्रोजेक्टर काका, दिवे लावूनच बघितला होता, आईला वाती करायला उजेड हवा होता. परत बघेन अंधारात.

काळाखडू

धागा आवडला. मी इतिहास शिकवते म्हणून थोडं त्या बाजूने लिहिते, लांबेल कदाचित.

सुरुवातीची बोट तुम्ही एका ओळीत उडवलीत, तिथे थांबायला हवं. खलाशी डेकवर बसलेत, कुणी गिटार वाजवतोय, कुणी माउथ ऑर्गन, आणि अचानक समुद्रातून लखलखाट होतो. हे नोव्हेंबर १९५४ मधल्या जपानी प्रेक्षकाला काय वाटलं असेल? त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर कॅसल ब्राव्हो नावाची हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, अंदाज होता त्याच्या अडीचपट मोठा स्फोट झाला, सुमारे १५ मेगाटन. दाई-गो फुकुर्‍यू मारू, म्हणजे भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५, ही ट्यूना पकडणारी बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या बाहेर होती. तरी तिच्यावर काही तास पांढरी राख पडत राहिली. २३ जण होते, सगळ्यांना बाधा झाली. जपानी पेपरांनी तिला मृत्यूची राख म्हटलं. मासळीबाजारात यंत्रं लावून मासे तपासायला लागले, ट्यूना पुरून टाकले. बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेला आणि पिक्चर लागला ३ नोव्हेंबरला. मधे सहा आठवडेसुद्धा नाहीत! आता परत तो सीन आठवा, बोटीवर रेडिओवाले घाईघाईने संदेश पाठवतायत आणि पाणी आत येतंय. लोकलमधे एक मुलगी म्हणते ना, दूषित ट्यूना झाले, किरणोत्सारी पाऊस झाला, आता हा गोजिरा, नागासाकीतून वाचले ते काय यासाठी? ते त्या दिवसांतल्या पेपरातलंच बोलणं होतं. आणि जपानवरचा अमेरिकेचा ताबा १९५२ मधे संपला, तोपर्यंत अणुबॉम्बबद्दल मोकळेपणाने छापताही येत नव्हतं.

आपल्याकडचा धागाही आहे याला. त्या चाचणीनंतर २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की करार व्हायचा तेव्हा होईल, निदान चाचण्या आहेत तिथे थांबवा. मुलांना मी हे वाक्य दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं की त्यांना एकदम तेव्हाच का सुचलं. त्याचं उत्तर ही बोट आहे.

आता माझी तक्रार. या पिक्चरमधे टोकियोचं दुःख आहे, नागासाकी आहे, बाबा लढाईत गेलेत ते आहे, पण ते बाबा लढायला कुठे गेले होते आणि तिथे त्यांनी काय केलं याबद्दल एक अक्षर नाही. होंडा स्वतः कित्येक वर्षं चीनमधे सैन्यात होते. १९४६ मधे परत येताना हिरोशिमावरून आले, ते उद्ध्वस्त शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ते या पिक्चरमधे उतरलंय हे सगळे सांगतात. चीनमधे जे पाहिलं असेल ते कुठे उतरलंय? संकट समुद्रातून येतं, निरपराध लोक मरतात, एवढीच गोष्ट राहते. मी पिक्चर तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा रडलेय आणि तिन्ही वेळा ही जागा मला टोचलीये.

सई_ग

काळाखडू ताई, शेवटचा परिच्छेद वाचून थांबले जरा. तुम्ही म्हणताय ते खरंय, पण सेरिझावाकडे बघा ना. त्याचा डोळा लढाईत गेलाय. ऑक्सिजन डिस्ट्रॉयर, पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करणारं हत्यार, त्याने शोधलंय, टाकीतल्या माशांची नुसती हाडं उरतात, आणि तो म्हणतो की हे एकदा वापरलं की जगातले पुढारी मला सोडणार नाहीत, बॉम्बवर बॉम्ब तसं हेही. कागद जाळतो, पण डोक्यातलं कसं जाळणार म्हणून समुद्राच्या तळाशी स्वतःची हवेची नळी कापतो. जपानी शास्त्रज्ञाच्या हातात जगातलं सगळ्यात भयानक हत्यार आहे आणि त्यालाच स्वतःची भीती वाटतेय, हा तुमच्या प्रश्नाचा अर्धा तरी जबाब नाहीये का? पूर्ण नाही, मान्य.

आणि ओलीचिंब, एमिकोबद्दल मी भांडणार आहे. तिला स्वतःचं काही नाही म्हणता, पण पिक्चर फिरतो कुणामुळे? सेरिझावाने शपथ घातलीये कुणाला सांगायचं नाही म्हणून, ती पाळते. गोजिरा एकदा येऊन गेला तरी पाळते. दवाखान्यात त्या रडणाऱ्या मुलीला जवळ घेते आणि मग मोडते, त्याचा विश्वासघात होतोय हे माहीत असून मोडते. लहानपणापासून ज्याच्याशी लग्न ठरल्यात जमा आहे आणि ज्याला ती भाऊ मानते त्या माणसाला ती एका अर्थाने मरणाच्या दारात नेते, आणि हे सगळं तिला कळतंय. मोमोको कोचीचा चेहरा बघा त्या जागी. सेनापती काही करू शकत नाहीत, ५० हजार व्होल्टच्या तारा काही करत नाहीत, एका मुलीने दिलेला शब्द मोडल्यावर शहर वाचतं.

त्यात संसदेतल्या बायका पण आठवा, पुढारी म्हणतो ही बातमी दाबा, परदेशाशी संबंध बिघडतील, आणि बायका उठून ओरडतात की खरं आहे ते लोकांना सांगा. त्याच वर्षी टोकियोच्या सुगिनामी भागात बायकांनी हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली होती, पुढच्या वर्षापर्यंत देशभरात ३ कोटींच्या वर सह्या झाल्या.

तानपुरा

कुणीच आवाजाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ओलीचिंब, तुम्हाला राक्षस पटला नाही म्हणता, पण त्याची डरकाळीही पटली नाही का? पिक्चर सुरू होतो तेव्हा चित्र नाहीच, नुसती पावलं आणि ती डरकाळी. तो कुठल्याही जनावराचा आवाज नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या तारा सैल केल्या, चामड्याच्या हातमोज्याला राळ लावली आणि तो मोजा तारेवरून ओढला, मग ते रेकॉर्डिंग सावकाश वाजवलं.

मी हे करून पाहिलंय. आमच्या ग्रुपमधे एकाकडे डबल बास आहे, त्याच्या मागे लागून जाड तार सैल करायला लावली, चामड्याचा मोजा आणला, व्हायोलिनवाल्याची राळ घासली. पहिल्यांदा नुसता फर्रर्र आवाज आला. मग हळू, दाबून, मोजा तारेला धरेल आणि सुटेल असा ओढला तेव्हा लाकडाच्या पोटातून असा काही हुंदका आला की आम्ही तिघंही गप्प झालो. तोपर्यंत मी त्याला रागाची डरकाळी समजत होतो. आता मला तो दुखणं असलेला आवाज वाटतो. शेवटी समुद्राच्या तळाशी तो शांत बसलेला असतो आणि दोघं त्याला मारायला खाली उतरतात तिथलं संगीत ऐका, विजयाचा एक सूर नाही, सगळं शोकाचं.

आणखी एक, ते प्रसिद्ध धावतं संगीत, सुरुवातीच्या नावांवर वाजतं ते, आज जगभर गोजिराचं म्हणून ओळखतात, पण या पिक्चरमधे ते माणसांच्या बाजूचं आहे, सैन्य निघतं तेव्हा वाजतं. पुढच्या भागांमधे ते त्याला चिकटलं.

निशिकासाईकर

नमस्कार, मी ११ वर्षं टोकियोत आहे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी ऑफिसमधल्या एका जपानी काकांनी हा पिक्चर बघायला लावला होता, तेव्हा मलाही शेवटचीलोकल यांच्यासारखंच वाटलं होतं, कंटाळा. मग शहर अंगवळणी पडलं आणि तीनचार वर्षांनी परत बघितला तर बघवेना, कारण तो पाडतो त्या सगळ्या जागा मी रोज बघतो. गिंझाच्या चौकातलं घड्याळाचं मनोऱ्यावालं दुकान, वाको, ते घड्याळ वाजतं आणि तो चिडून मनोरा पाडतो. ते घड्याळ आजही तिथेच आहे, त्याच्याखाली लोक एकमेकांची वाट बघत उभे असतात. काचिदोकी पूल तो उलथवतो, काचिदोकी म्हणजे विजयाची आरोळी, रशियाशी झालेल्या लढाईतल्या विजयाच्या नावाने तिथला घाट होता, तेच नाव पुलाला. काळाखडू ताईंच्या प्रश्नाला याचाही हिशोब लागतो की नाही मला माहीत नाही, पण परत जाताना तो पूल त्याच्या हाताने जातो हे मला दरवेळी दिसतं.

आणि ज्या रात्री तो शहर जाळतो तशी रात्र टोकियोने आधी पाहिली होती. ९ मार्च १९४५ ची रात्र, अमेरिकन विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले, एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. मी राहतो त्याच्या पश्चिमेला, नदीपलीकडचा सगळा सखल भाग. सेटवरच्या, थिएटरातल्या माणसांपैकी कितीतरी जणांनी ते पाहिलं असणार. ओलीचिंब, ती दवाखान्यातली मुलगी तुम्हाला अभिनय वाटली नाही म्हणालात त्यावरून हे आठवलं.

ती बोट, फुकुर्‍यू मारू, इथेच आहे, माझ्या घरापासून सायकलने जाता येतं. युमेनोशिमाच्या बागेत एक हॉल बांधलाय १९७६ मधे, त्यात आख्खी बोट ठेवलीये. लाकडी, जेमतेम ३० मीटर. आत शिरलं की एकदम तिचा पुढचा भाग अंगावर येतो, रंग उडालेला, फळ्यांच्या सांधी दिसतात. मी मुलीला घेऊन गेलो होतो, ती सात वर्षांची, तिने विचारलं यात २३ माणसं झोपायची कुठे? मी फिरून फिरून बघितलं, खरंच कुठे झोपत असतील कळेना. बाहेर ट्यूनांच्या नावाने एक दगड आहे, मागुरो-झुका, पुरून टाकलेल्या माशांची आठवण.

शेवटचीलोकल

निशिकासाईकर, हे वाचून मी परत बघणार आहे, एवढं कबूल करतो. पण मत बदलेल असा शब्द देत नाही.

जुनाप्रोजेक्टर

बघताना टीव्ही टॉवरवरच्या निवेदकाचा सीन सोडू नका. त्याआधी विजेच्या तारांचे मनोरे वितळतात ना गोजिराच्या श्वासाने, ते मेणाचे केले होते आणि दिव्यांच्या उष्णतेने वितळवले. आणि टीव्ही टॉवरवर पत्रकार माइक धरून बोलतच राहतात, शेवटी सायोनारा म्हणतात आणि खाली जातात. मॉडेल आहे हे मला माहीत आहे, तरी मला त्या माइकवाल्याचाच आवाज ऐकू येतो.

ओलीचिंब

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल दिवे घालवून, हेडफोन लावून परत बघितला. सई, एमिकोबद्दल तुझं पटलं, माझं चुकलंच होतं, मी तिच्या बोलण्याकडे बघत होते आणि ती करते काय तिकडे लक्षच नव्हतं. बोटीचा सीन या वेळी सुरुवातीपासूनच पोटात गोळा आणणारा होता, काळाखडू ताईंमुळे. तानपुरा, हेडफोनवर डरकाळी ऐकली आणि तळाशी तो बसलेला असतो तिथे तर मी त्याच्याच बाजूची झाले होते, त्यालाही त्या बॉम्बनेच हुसकून बाहेर काढलंय. डोंगरामागचं डोकं मात्र अजूनही बाहुलाच आहे, अंधारातही. २० लाख वर्षांबद्दलही मी माफ केलेलं नाही. आणि काळाखडू ताई, तुमची टोचणारी जागा आता मलाही टोचतेय, बाबांकडे जायचं म्हणणाऱ्या त्या बाईच्या सीनलाच नेमकी, आणि तरीही तो सीन कमी होत नाहीये. दोन्ही बरोबर घेऊनच बघावा लागेल हा पिक्चर मला, दुसरा मार्ग दिसत नाही.

आई परत बसणार नाही म्हणाली होती. शाळेतल्या मुलींची प्रार्थना लागते ना, हॉलभर मुली ओळीने उभ्या आणि टीव्हीवरून सगळीकडे ते गाणं जातंय, तेव्हा माझा हेडफोन निघाला म्हणून आवाज बाहेर आला, तर ती स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. शब्द कळत नव्हते, सबटायटल वाचायला चष्मा नव्हता. गाणं संपेपर्यंत उभी होती आणि मग म्हणाली, हे एवढंच परत लाव.

निशिकासाईकर, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमधे भाऊ ओसाकाला असेल तेव्हा आम्ही दोघी येणार आहोत जपानला. आईला ती बोट दाखवायचीये. तिला फार चालवत नाही, जमेल का?

निशिकासाईकर

नक्की जमेल. शिन-किबा स्टेशनला उतरायचं, तिथून सपाट रस्ता आहे, सावकाश चाललं तरी पंधरा-वीस मिनिटं, मधे बसायला बागेत बाकं आहेत. तिकीट नाही. तारीख ठरली की मला व्यक्तिगत निरोप करा, मी येतो घ्यायला, मुलीलाही आणतो. फक्त सोमवार धरू नका, सोमवारी बंद असतं.